पाण्याचा भोंगा

हौसाबाई जगतापला हळू बोलायला कधी जमलंच नाही. स्वयंपाकघरात सुनेकडे मीठ मागितलं तरी शेजारच्या रामकलीला कळायचं, की आज जगतापांच्या आमटीत मीठ कमी पडलंय. माण तालुक्यातली बाई. उघड्या माळावर शेळ्या राखत वाढलेली. हाक मारायची तर ती पोचली पाहिजे, नाहीतर मारायचीच कशाला, असा तिचा सरळ हिशेब. लग्न झालं ते फौजेतल्या नामदेव जगतापशी, आणि त्याच्या बदल्यांमागून फिरत फिरत ती झाशीजवळच्या बबीन्याच्या छावणीत येऊन पडली.

नामदेव हवालदार होऊन रिटायर झाला तेव्हा भावकीनं बोलावून पाहिलं. तो म्हणाला, "तिकडंबी पाणी न्हाई आन् हितंबी न्हाई. मग हितंच ऱ्हाऊ की! हितं निदान कँटीन हाय, मिलिटरीचा दवाखाना हाय." झाशीचा नगरा भाग मागे टाकून बबीन्याकडे निघालं की रस्त्यापासून आत करौंदी खिरक म्हणून गुरं राखणाऱ्यांची जुनी वस्ती होती. तिच्या अगदी शेवटाला त्यानं दोन खोल्या बांधल्या, आणि नव्या घरात नीट टेकायच्या आधीच छातीत कळ येऊन गेला. मुलगा बापामागून फौजेत शिरला, तो सुट्टी मिळाली तर यायचा. घरात उरल्या सासू आणि सून.

सून पुष्पा माणातलीच. बिचारी अबोल. हिंदीत बोलायचं म्हटलं की तिच्या कपाळाला घाम यायचा. हौसाबाईचं तसं नव्हतं. तिनं इथली हिंदी आणि बुंदेली एकत्र कालवून अशी ठसक्यात बोलायला घेतली होती, की बड्या बाजारातले दुकानदार तिला इथलीच समजायचे. मराठी उरली होती ती घरात, पुष्पाशी बोलायला आणि देवाशी भांडायला.

आता पाण्याचं सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. होळी झाली की खिरकेतला हापसा कोरडे आचके द्यायला लागायचा. टँकर यायचा तेव्हा यायचा, नाही यायचा तेव्हा कुणाच्या बापाला विचारायची सोय नव्हती. बायका डोक्यावर हंडे घेऊन रस्त्यापलीकडच्या विहिरीवर जायच्या, आणि तिथले लोक शिव्या घालून मग पाणी द्यायचे. गंमत म्हणजे, कसली गंमत, कपाळ! पाणी वस्तीत होतंच. हौसाबाईच्या घरामागे दगडाची जुनी खदान होती, काठोकाठ भरलेली. पण कडा सरळसोट तासलेल्या. पूर्वी एक मुलगी घागर बुडवायला वाकली ती वर आलीच नाही, म्हणून खदानीभोवती तारेचं कुंपण घालून टाकलेलं. उन्हात ते हिरवं पाणी नुसतं बघत बसायचं.

आणि दुसरी गोष्ट आगीची. वस्तीला लागूनच सरकारी कुरण. पावसानंतर तिथलं गवत माणसाच्या छातीला लागायचं आणि चैत्र-वैशाखात नुसतं हात लावला तरी मोडायचं. कुणी शेतातली धसकटं पेटवली, कुणी बिडी टाकली, की लू, इथला उन्हाळ्यातला पेटता वारा, त्या ठिणगीला घेऊन कुरणात शिरायची. एका उन्हाळ्यात असाच वणवा वस्तीवर आला आणि कडेची घरंच्या घरं, गोठ्यातल्या म्हशींसकट, गेली. त्या म्हशींचं ओरडणं हौसाबाईनं ऐकलं होतं. त्यानंतर कितीतरी दिवस तिला जेवण गोड लागलं नाही.

मग वरून योजना आली. खदानीवर भलंमोठं डिझेल इंजिन बसलं. वस्तीच्या कडेनं उंच लोखंडी खांब उभे राहिले आणि त्यांच्यावर चारी बाजूंना फिरणारी, पाणी फेकणारी जाडजूड तोंडं. वस्तीनं पहिल्याच दिवशी त्यांना तोपा, म्हणजे तोफा, म्हणून टाकलं. खांबांच्या शेंड्यावर आग ओळखणारी यंत्रं होती. माणसानं काही म्हणता काही करायचं नाही. यंत्राला आग दिसली की भोंगा वाजणार, इंजिन आपलं आपण सुरू होणार, तोपा आपल्या आपण वळणार आणि खदानीतलं पाणी धो धो घरांच्या छपरांवर आणि घरांपुढच्या पट्ट्यावर पडणार. भोंगा वाजला की माणसांनी कुरणाकडे पाठ फिरवायची आणि रस्त्याकडच्या शाळेत जाऊन बसायचं. हे सगळं साहेबलोकांनी येऊन समजावून सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या.

इंजिनाची खोली हौसाबाईच्या भिंतीला लागून झाली, म्हणून राखण तिच्याकडे आली. झाडलोट करायची, कुलूप बघायचं, लाल दिवा लागला तर इंजिनियरला फोन करायचा. इंजिनियर होता मधुसूदन पोतनीस. झाशीतला, मानिक चौकामागच्या गल्लीत ज्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची बिऱ्हाडं आहेत अशा मराठी घराण्यातला. त्याची मराठी घरातल्या म्हाताऱ्यांकडून आलेली. तिच्यात 'अंमळ' आणि 'भैया' एकाच वाक्यात सुखानं नांदायचे.

"काकू, तुम्ही मराठी? अरे वा जी!" तो पहिल्याच दिवशी हरखून म्हणाला.

"मराठीच की. पण तू असा रे कसा बोलतोस, बाळा? अर्धी पोथी आन् अर्धं दूरदर्शन!"

तो मनापासून हसला. तेव्हापासून हौसाबाईचा त्याच्यावर हक्कच बसला. आला की चहा, चहाबरोबर धपाटं, आणि धपाट्याबरोबर एकच मागणं: "ह्या इंजिनाला एक नळ बसीव."

मधुसूदन चांगला मुलगा होता. त्यानं खरंच वर विचारलं. वरून उत्तर आलं की हे पाणी आगीसाठी आहे, पिण्यासाठी नाही. पिण्याचं खातं वेगळं. पिण्याच्या खात्याला विचारलं तर ते म्हणाले, खदान आमची नाही. हौसाबाईनं हे ऐकून कपाळावर हात मारला. "म्हंजी आमी जळाया लागलो तर पाणी, आन् तहानलो तर न्हाई! धन्य हाय रे बाबा तुमची!"

खरा संताप आला तो पहिल्या चाचणीच्या दिवशी. दर आठवड्याला इंजिन चालवून बघायचं असतं. भोंगा बंद ठेवून मधुसूदननं कळ दाबली, आणि तोपेतून पाण्याचा असा लोट निघाला की बघणाऱ्यांचे श्वास थांबले. ते सगळं पाणी वाळल्या गवतात पडलं आणि जिरलं. खिरकेतल्या बायका रिकामे हंडे कमरेवर घेऊन बघत उभ्या होत्या. मग रामकली म्हणाली, "देख लो जिज्जी. घास को पिला रए, हमें नईं." आणि ती रडायलाच लागली.

ही रामकली हौसाबाईची जीव की प्राण. वयानं पुष्पाहून थोडी मोठी, घरात म्हातारी सासू, नवरा ट्रकवर. दिवसातून दहादा भिंतीपलीकडून "जिज्जी!", म्हणजे ताई, अशी हाक मारायची. हौसाबाई तिला शिव्या घालायची, तिच्या केसांना तेल लावायची, तिच्या हातची कढी चापून खायची. तिला रडताना बघून हौसाबाईचं डोकंच फिरलं. तिनं आजूबाजूला नजर टाकली. तोपांच्या पुढे, गवतात अंमळ आत, एक खळगा होता, खाली सगळा सपाट खडक. तिकडे उडालेलं थोडं पाणी त्यात साचून चमकत होतं. जिरत नव्हतं.

"मधू," ती म्हणाली, "हे तुझं तोंड तिकडं वळतंय का?"

"चाचणीला कुठेही मारलं तरी चालतं, काकू."

"मग तिकडं मार की मेल्या!"

पुढच्या खेपेला त्यानं एका तोपेचं तोंड खळग्याकडे करून ठेवलं. खळगा भरला. बायकांनी फडकी लावून हंडे भरले, कपडे धुतले, पोरांना खसखसून आंघोळी घातल्या, आणि उरलेल्या पाण्यात म्हशी नेऊन बसवल्या. कायद्यानं नळ मिळाला नव्हता. पण पाणी मिळालं होतं.

अडचण एवढीच, की चाचणी कधी होईल ते सांगता यायचं नाही. कधी डिझेल उशिरा यायचं, कधी मधुसूदन झाशीतूनच फोनवरून इंजिन चालवायचा. त्या यंत्रात तशीही सोय होती. मग हौसाबाई ओट्यावर उभी राहून, पदर हलवून, बेंबीच्या देठापासून ओरडायची: "आओ री, पानी आ गओ!" पण इंजिनाच्या धडधडाटात तिचा आवाज लांबच्या घरांना जायचा नाही. तिकडच्या बायका धावत यायच्या तोवर खळग्यात गाळ उरलेला. मग भांडणं. एकदा तर दोघींनी एकमेकींच्या झिंज्या उपटल्या.

"भोंगा वाजू दे," हौसाबाई मधुसूदनला म्हणाली.

"काकू, भोंगा आगीचा आहे जी. तो असा रोजच्या कामाला वापरायचा नसतो."

"आग कवा येती? वर्सातनं एखांदी. तहान रोज येती. ह्या बाया कुठनं कुठनं पाणी आणत्यात ते बघितलंस का तू कधी? माझ्या पुष्पीचा खांदा बघ, हात वर होत न्हाई तिचा. तुझी आई आसती तर तिला म्हनला आसतास का रं, भोंगा आगीचा हाय म्हनून?"

आईचं नाव काढल्यावर तो विरघळला. मराठीत असं हक्कानं रागावणारं त्याच्या आयुष्यात बहुधा कुणी उरलं नव्हतं. त्यानं चाचणीच्या वेळी भोंगा चालू ठेवला. लोकांना कळेल की, फरक कळेल, असं तो स्वतःशीच म्हणाला. फरक कसा कळणार होता, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

त्या दिवसापासून हौसाबाईचं नाव भोंपूवाली जिज्जी पडलं. काय तिचा मान! लग्नात हळद लावायला आधी ती. बाळाच्या नावाला आधी ती. भोंगा वाजला की सगळी खिरक हंडे-कळशा-डबडी घेऊन खळग्याकडे पळायची. शाळेतनं पोरं पळायची, मास्तरही आपली बादली घेऊन पळायचा. हौसाबाई ओट्यावर उभी राहून पदर हलवायची, खळग्यातनं बायका हात हलवायच्या. खरं सांगायचं तर त्या बाईनं जन्मात दुसऱ्याचं ऐकत, दुसऱ्यामागं चालत दिवस काढले होते. हे एक तिनं स्वतः केलं होतं, आणि ते चांगलं झालं होतं. ती सुखी होती. उन्हाळा तापला की ती मधुसूदनच्या मागे लागून आठवड्यात दोन-दोन चाचण्या करवून घ्यायची.

शाळेत जाऊन बसायचं असतं, हे कुणाच्या डोक्यातही राहिलं नव्हतं. तिच्याही नाही.

तो वैशाख फार वाईट होता. टँकरचं तोंड कुणी बघितलं नव्हतं, आणि मधुसूदन लग्नाला कुठे बाहेर गेला होता म्हणून चाचणीही चुकली होती. बायकांचे ओठ फुटलेले. हवेत धूर होता, पण धूर त्या दिवसांत रोजच असायचा, कारण सगळीकडे धसकटं पेटवलेली असतात. दुपारी लू सुटली तेव्हा रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. शाळेला सुट्ट्या लागलेल्या, पोरं घरात पडून होती. हौसाबाई दारातल्या सावलीत गहू निवडत बसली होती.

आणि भोंगा वाजला.

"आला बाई मधू आपला!" ती ताडकन उठली. "पुष्पे, ए पुष्पे, ऊठ! पाणी सोडलंय. मोठा हंडा घे, बारका नको. पळ, न्हाईतर त्या पलीकडच्या भवान्या गाळ ठेवतील!"

पुष्पा डोळे चोळत उठली आणि मोठा हंडा घेऊन पळाली. भिंतीपलीकडून रामकली दोन कळशा वाजवत निघाली. खिरकेच्या बायका घराघरातून बाहेर पडल्या, पोरांना आत कोंडून, डोक्यावर ओले-सुके फडके टाकून. आठवड्याभराच्या तहानेनंतर त्यांना हसायला येत होतं. पायवाटेनं गवतातून एकमेकींना ढकलत त्या खळग्यात उतरल्या.

हौसाबाई नेहमीसारखी ओट्यावर जाऊन उभी राहिली. इंजिन धडधडायला लागलं होतं. तोपांनी माना हलवल्या, आणि त्या वळल्या. घरांकडे वळल्या. पहिला लोट हौसाबाईच्याच छपरावर आदळला, पत्रे थरारले.

"आरं, आरं, हे काय करतुया! तोंड चुकलं ह्याचं," ती पुटपुटली. तिला मधुसूदनचा राग आला. एवढं शिकलेलं पोर, साधं तोंड वळवून ठेवता येत नाही! सगळ्या तोपा छपरांवर नि घरांपुढच्या पट्ट्यावर पाणी ओतत होत्या आणि खळग्यात थेंब नव्हता. खाली बायका कळशा वर उचलून तोपेला दाखवत होत्या. रामकली तर पदर खोचून नाचतच होती. इकडे, इकडे मार, असं ती तोपेला सांगत होती.

मग हौसाबाईनं वर बघितलं. खदानीतून काढलेल्या दगडमातीचे मोठे ढिगारे कुरणात उभे होते. खळग्यातून त्यांच्या पलीकडचं काही दिसायचं नाही. ओट्यावरून दिसायचं. पलीकडे धूर नव्हता, नुसता धूर नव्हता. जाळ होता. कुरणाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि तो चालत नव्हता, पळत होता. लू त्याच्या पाठीवर होती.

तिला त्या म्हशी ऐकू आल्या. तिनं दोन्ही हातांनी पदर हलवला आणि ती ओरडली. जन्मात ओरडली नव्हती असं ओरडली.

"पुष्पे! आगं माघारी फिर! वणवा आलाय, वणवा! पुष्पे, पळ! टाक तो हंडा, पळ!"

भोंग्याच्या आणि इंजिनाच्या त्या गदारोळातून दुसऱ्या कुणाचा आवाज पोचला नसता. तिचा पोचला. पुष्पा खळग्याच्या ह्या कडेला होती. तिनं सासूकडे बघितलं, हंडा टाकला आणि ती मागेपुढे न बघता पायवाटेनं पळत सुटली. तिला पळताना बघून कडेच्या चार बायका, काय झालं कोण जाणे, पण तिच्यामागून निघाल्या. बाकीच्या उभ्या राहिल्या. जिज्जी ओट्यावर होती, जिज्जी पदर हलवत होती, जिज्जी आपल्या सुनेला काहीतरी ओरडत होती. घरात दूध उतू गेलं असेल. रामकलीनं हसून हात हलवला.

"पळा! पळा गं बायांनो!" हौसाबाई ओरडतच होती. तोंडातून दुसरं काही निघतच नव्हतं. आग हा शब्द तिला मराठीतही येत होता आणि हिंदीतही तोच होता, पण त्या घटकेला तिच्या तोंडी तो आला नाही. वणवाच आला. लहानपणी माळावर शिकलेला.

मग ढिगाऱ्यांच्या दोन्ही अंगांनी जाळ एकदम बाहेर आला. आता खळग्यातल्या बायकांना दिसला. त्या पायवाटेकडे पळाल्या आणि पायवाटेवर गवत होतं, दोन्ही बाजूंनी, छातीएवढं. ते गवत कापायचं काम कुठल्याशा तिसऱ्या खात्याचं होतं. हौसाबाई ओट्यावरून उडी टाकून त्यांच्याकडे धावली. घरांपुढच्या पट्ट्यात पोचली आणि तोपेचा लोट तिच्या अंगावर आला. त्यानं तिला कापडासारखं उचलून जमिनीवर आदळलं. तिनं उठायचा प्रयत्न केला, पुन्हा आदळली. नाकातोंडात पाणी, डोळ्यांत पाणी. समोर, दोन हाका मारल्या तर पोचतील एवढ्यावर, रामकली होती. तिचा आवाज येत होता. "जिज्जी! जिज्जी!" करत होता. नंतर तो "जिज्जी" म्हणत नव्हता, नुसता आवाज होता. आणि नंतर तोही नव्हता.

आग पाण्याच्या पट्ट्याशी आली आणि विझली. करौंदी खिरकेतलं एक घर जळलं नाही. घरात कोंडलेली सगळी पोरं सुखरूप निघाली.

लगेच गाड्या आल्या. साहेब आले, कॅमेरे आले. योजना यशस्वी झाली, असं कुणीतरी माइकसमोर म्हणालं आणि मग मागे चादरी घातलेल्या होत्या तिकडे बघून थांबलं. मधुसूदन लग्नाच्याच कपड्यांत धावत आला. तो इंजिनाच्या खोलीत गेला, सगळं तपासून बाहेर आला आणि हौसाबाईच्या पायाशी बसला.

"काकू, मशीननं काहीच चूक केली नाही जी," तो म्हणाला, आणि लहान मुलासारखा रडायला लागला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. आपला हात कुणाच्या डोक्यावर ठेवण्यासारखा राहिलाय, असं तिला वाटेना.

खिरकेत कुणी तिला तोंडावर काही बोललं नाही. भोंगा पाण्यासाठी वाजवायला लावला म्हणून तरी बोलतील, शिव्या देतील, दगड मारतील, असं तिला वाटत होतं. ती वाट बघत होती. ते कुणी बोललंच नाही. पाणी तर सगळ्यांनीच प्यायलं होतं. पण ती पाण्याला गेली की बायकांचं बोलणं थांबायचं. त्या तिच्याकडे नाही, पुष्पाकडे बघायच्या. पुष्पाच्या अंगावर एक चट्टा नव्हता.

एक दिवस पुष्पानंच ते घरात आणलं. भाकरी थापता थापता, मान वर न करता ती म्हणाली, "आत्या, त्या म्हणत्यात, तुमी मला आपल्या बोलीत हाक मारली. मुद्दाम. म्हंजी मीच तेवढी..."

"कोण म्हणतंय?"

"समद्याच म्हणत्यात."

हौसाबाई उठली. रामकलीच्या घरी ती तेराव्यालाही गेली नव्हती, धीरच झाला नव्हता. आज गेली. रामकलीची सासू, जिला सगळी वस्ती बऊ म्हणायची, अंगणात खाटेवर बसली होती. डोळे अधू, पण कान शाबूत. पावलावरून तिनं ओळखलं.

"आ गईं?" बऊ म्हणाली. "बैठो."

हौसाबाई जमिनीवर बसली. काय काय सांगायचं ते तिनं वाटेत घोकलं होतं. की माझ्या तोंडातनं हिंदी गेलीच, बऊ. भीतीनं माणसाच्या तोंडी आईची बोलीच येते. मी सगळ्यांनाच ओरडत होते, देवाशपथ सगळ्यांनाच. हे सगळं खरं होतं. निदान थोडं खरं होतं.

बऊनं विचारलं, "तुमने अपनी बोली में काए टेरो, बिन्नू? हमाई बहू तो तुमाई बोली जानत नईं ती."

आवाजात राग नव्हता. नुसतं विचारत होती, का हाक मारलीस तुझ्या बोलीत, बाई, माझ्या सुनेला ती येत नव्हती. आणि हौसाबाईला घोकलेलं एक अक्षर बोलता येईना. तिला तो ओटा दिसला, तो जाळ दिसला, खाली खळग्यात पन्नास बायका होत्या आणि तिला त्यांतली एकच दिसत होती, मोठा हंडा घेतलेली, जिला तिनं स्वतः झोपेतनं उठवून पाठवलं होतं. रामकली दिसली नव्हती का? दिसली होती, नाचताना दिसली होती. पण जाळ दिसल्यावर नाही.

"मुझे वही दिखी, बऊ," ती म्हणाली. जन्मात पहिल्यांदा तिचा आवाज इतका हळू निघाला असेल. "और कोई नहीं दिखी."

बऊनं मान हलवली. "हओ," ती म्हणाली. "हम होते तो हमें भी रामकली ही दिखती."

हौसाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. माफ केलं म्हातारीनं, असं तिला वाटलं. ती बऊच्या पायांकडे हात न्यायला लागली.

"पर उसे तुम दिखीं, बिन्नू," बऊ म्हणाली. "लौटके आई वो औरतें बतात हैं. रामकली कहत रई, जिज्जी ठाड़ी हैं, जिज्जी पल्लू हिला रईं, पानी इतै ही आहै, कोऊ न जाओ. तुमें देख के ठाड़ी रई वो. और सबको रोक के ठाड़ी रई."

जिज्जी उभी आहे, पदर हलवतेय, पाणी इथंच येणार, कुणी जाऊ नका, असं रामकली सगळ्यांना सांगत होती. हौसाबाईचे हात बऊच्या पायांपर्यंत पोचलेच नाहीत. ती तशीच अंगणात बसून राहिली. ऊन सरकत सरकत तिच्या पाठीवर आलं तरी तिला उठता येईना, आणि बऊही तिला ऊठ म्हणाली नाही. शेवटी पुष्पा शोधत आली आणि तिला धरून घरी घेऊन गेली.